माळवदावरची अक्का

वैशाखातल्या दुपारी डोक्यावर धप धप असा आवाज यायचा, मातीचे दोन-चार कण अंथरुणावर पडायचे आणि मी कूस बदलून पुन्हा झोपायचो. वर माझी थोरली बहीण, अक्का, माळवद तुडवत असे. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे आमचे करमाडचे घर. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पसरून पायांनी घट्ट करावी लागे आणि ते काम तिचे होते. उन्हाने रापलेला चेहरा, गुडघ्यांपर्यंत पांढरे पाय, डोक्यावर ओले फडके; ग्रीष्म म्हटला की मला आजही हीच मूर्ती दिसते.

पुढे अक्का लग्न होऊन पिशोरला गेली, वडिलांनी घर पाडून स्लॅब टाकला आणि मी चिकलठाण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत आयुष्य काढले. निवृत्त झाल्यावर शेतात पुन्हा तसेच घर बांधले. लोक येऊन फोटो काढू लागले, मीही थोडा भाव खाऊ लागलो. पण मला हवी होती अक्काची पसंती. ती चार दिवस सुखाने राहिली तरच हे घर खरे, असे मी मनाशी धरले होते.

यंदा ती आली. भिंतीवरून हात फिरवला, कोनाड्यात डोकावली, मग बाहेर जाऊन घराला एक फेरी मारली.

"लई बेस केलंस. पन वर चढायचं कुठून?"

मी मातीचे छत हौसेने केले. जिना नाही, शिडीसुद्धा नाही.

"तुला कसं याद राहील? तू तं खाली झोपायचास," ती हसली. मला मात्र हसू आले नाही.

शेजारच्या शेतातून शिडी आणली. अक्काने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला.

"गुडघे नाय म्हनतेत. तूच चढ."

मी माती घेऊन चढलो. ती आत बाजेवर टेकली.

"टाचंनं दाब, टाचंनं!" खालून हुकूम येत होते. मग ते थांबले. छतातल्या झरोक्यातून वाकून पाहिले, तर उन्हाच्या कवडशाशेजारी अक्का गाढ झोपली होती आणि तिच्या लुगड्यावर मातीचे कण पडले होते.

मी उतरलो नाही, तुडवत राहिलो. ते जुने घर जाऊन एक जन्म लोटला. त्यातली तिची झोप तेवढी राहून गेली होती.