टॉवर तिकडचा, चूल इकडची

आमचं बुसिया गाव एकच, पण त्याला देश दोन. अर्धं गाव केनियात, अर्धं युगांडात. मधे फाटक, दोन्हीकडचे शिपाई आणि मालमोटारींची न संपणारी रांग. सीमा असते ती मालमोटारींसाठी, माणसांसाठी नव्हे, असं आमच्याकडे लहानथोर सगळेच मानतात. इकडच्या बाईची बहीण तिकडे दिलेली, तिकडच्याचं शेत इकडे. मीठ आणायचं राहिलं तर माणूस दुसऱ्या देशात जाऊन येतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

अशा गावात वाढलेली नेकेसा लग्न होऊन केनियाच्या बाजूकडून युगांडाच्या बाजूला आली. नवरा एगेसा मोटारसायकली दुरुस्त करतो. नेकेसा नैरोबीतल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलून निस्तरायच्या. लग्न झालं तेव्हा एगेसाने तिचं टेबल मुद्दाम पूर्वेच्या खिडकीशी मांडून दिलं, कारण तिथे केनियाच्या टॉवरची रेंज मिळते. घरात इतर कुठेही बसा, मिळत नाही.

त्या खिडकीवरून नेकेसाने एक कायदाच बनवून टाकला होता. "टॉवर केनियाचा, सिमकार्ड केनियाचं, पगार केनियाच्या बँकेत, करसुद्धा तिथेच कापला जातो. मग काम केनियातच झालं की नाही?" ती विचारायची, आणि गल्लीतले सगळे माना डोलवायचे. आमच्या गावाबाहेर हे कुणाला सुचलंही नसतं! कंपनीकडे पत्ता होता तिच्या भावाच्या घरचा, पलीकडचा. फाटकावर कुणी विचारलंच तर "नातेवाइकांना भेटायला आलेय" एवढं सांगून मोकळं व्हायचं. या भेटीला आता बरीच वर्षं झाली होती आणि भेटीत एक मुलगीही झाली होती.

एके दिवशी कंपनीतून निरोप आला. माणसांचं सगळं बघणाऱ्या गथोनी मॅडमनी लिहिलं होतं, की नेकेसाला गटप्रमुख करण्याचा विचार आहे. त्याआधी गुरुवारी व्हिडिओवर तिची कामाची जागा बघू, ती कुठे राहते ते नोंदवून घेऊ. देशाबाहेरून कुणी काम करत असेल तर त्याने तसं सांगावं.

नेकेसाने मनाशी हिशेब मांडला. खरं सांगितलं तर कंपनी म्हणणार, नोकरी हवी असेल तर केनियात परत या. इथे नवऱ्याचं दुकान, इथे लेकीची शाळा. एक तर नोकरी सोडायची नाही तर घर. तिने तिसरा मार्ग काढला. गुरुवारी भावाच्या घरी जाऊन बसायचं आणि तेच आपलं घर म्हणून दाखवायचं.

बुधवारी संध्याकाळी तिचा थोरला भाऊ मकोखा त्याच तयारीला आला. टेबलावरचा दिवा, खुर्ची, भिंतीवरची वेलाची कुंडी, सगळं उद्या पलीकडे न्यायचं ठरलं. तेवढ्यात एगेसाची आत्याही आली. ताका आत्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. नेकेसावर तिचा भारी जीव. शेंगदाण्याच्या रश्श्यातली मासळी पुढ्यात घेऊन ती मुकाट्याने यांचं बोलणं ऐकत बसली.

"लग्नाचा फोटो न्यायचा नाही हं," मकोखा म्हणाला. "त्यात मागे तुमचं इकडचं चर्च दिसतंय. आणि मॅडमनी विचारलं, घरी कोण कोण, तर सांग, मी आणि भाऊ. नवऱ्याचं नाव काढायचं नाही."

"म्हणजे उद्या मी विधुर की काय?" एगेसाने विचारलं.

"सोडचिठ्ठी झाली म्हणा, पाव्हणं. फक्त लग्नात आम्हाला दिलेल्या गायी परत मागू नका!"

दोघेही खो खो हसले. नेकेसाही हसली. आत्याने मात्र हात धुतले आणि ते पुसत ती म्हणाली, "गायींचं नाव निघालंच आहे तर सांगते. नेकेसाला मागणी घातली तेव्हा गायी घेऊन पलीकडे कोण गेलं होतं?"

"तुम्हीच, आत्या," नेकेसा म्हणाली.

"तेव्हा हा तुझा नवरा म्हणत होता, नदीकाठच्या वाटेने रात्रीच्या गायी नेऊ, कोण बघतंय! मी म्हटलं, चोरीच्या गायी घालून सून आणायची नाही. गुरांच्या डॉक्टरकडून त्यांचे कागद केले, फाटकातून शिक्का मारून नेल्या. अगं, तुझ्या गायींनी सीमा कागद दाखवून ओलांडली, आणि तू इतकी शिकलेली, तुझे कागद कुठे आहेत?"

मकोखाला हसू आवरेना. मग भावाची माया जागी झाली आणि तो म्हणाला, "आत्या, ती कर भरते हो! पगारातून दर महिन्याला कापला जातो. तिने चोरी कुठे केली?"

"भरते हे चांगलंच आहे. पण कर कुठल्या देशाला किती द्यायचा, हे टॉवरला विचारून ठरत नसतं बाबा. माणूस राहतो कुठे, बसून काम करतो कुठे, यावर ते ठरतं. एकीकडे भरलेला दुसरीकडे धरतात की नाही, मला ठाऊक नाही. ज्याला कळतं त्याला विचारावं. पण विचारायला आधी खरं सांगावं लागेल ना?"

"मी काय कुणाच्या हातची नोकरी हिसकावून घेतली?" नेकेसा आता चिडली होती. "काम नैरोबीचं, पैसे नैरोबीचे. इथे मी फक्त खुर्चीवर बसते!"

"पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ, असं आपण सगळे म्हणतो ना? कुदळ हाती घेतली की तो पाहुणा राहत नाही, घरचा होतो. मग घरच्यांना सांगून राहतो. तू इतकी वर्षं कुदळ चालवतेस आणि फाटकावर पाहुणी म्हणवतेस."

"आत्या, तुम्हाला पेन्शन आहे. बोलायला काय जातं! माझी नोकरी गेली तर?"

"गेली तर वाईट होईल," आत्या म्हणाली. "जाणार नाही असं मी सांगणार नाही. पण उद्या तू भावाचं घर दाखवून बढती घेतलीस, की दर वर्षी तेच घर दाखवावं लागेल. इकडचा शिपाई विचारेल, काम करता का? तू नाही म्हणशील. तिकडची मॅडम विचारेल, घरी नवरा आहे का? तू नाही म्हणशील. मग पोरी, तू आहेस तरी कुठे?"

नेकेसा उठून भांडी आवरायला गेली आणि त्या दिवशी घरात कुणी फारसं बोललं नाही.

माणूस एका बोलण्याने बदलतो असं गोष्टींत असतं. नेकेसा बदलली नाही. गुरुवारी सकाळी ती ठरल्याप्रमाणे निघाली. एगेसाने मोटारसायकलला खुर्ची बांधली, दिवा बांधला, कुंडी बायकोच्या मांडीवर दिली आणि सगळं पलीकडे पोचवलं. भावाच्या घरात टेबल मांडून दिलं, दिव्याची वायर ओढून दिली. मग मॅडमना आपण दिसायला नको म्हणून तो आपणहून बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. कुणी सांगितलंही नव्हतं.

गथोनी मॅडम पडद्यावर आल्या. बोलायला मायाळू होत्या. "छान जागा आहे हो! कुंडी तर फारच सुरेख. तुमच्यासोबत कोण कोण राहतं?"

कॅमेऱ्यामागून मकोखाने दोन बोटं दाखवली. मी आणि भाऊ. नेकेसाने तोंड उघडलं आणि तिची नजर दाराबाहेर गेली. एगेसा भिंतीशी अंग चोरून उभा होता. कपाळावरचा घाम पुसत होता, आणि आवाज होऊ नये म्हणून खोकला दाबत होता. आपला धडधाकट नवरा, आणि आपण त्याला चोरासारखं लपवलंय! कशासाठी? नेकेसाला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिचे डोळे भरून आले.

"मॅडम, हे माझं घर नाही!" ती म्हणाली.

मकोखाने कपाळावर हात मारला. पण आता नेकेसा थांबणार नव्हती. खिडकी, टॉवर, भावाचा पत्ता, फाटकावरची थाप, सगळं तिने सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "माझा नवरा बाहेर उन्हात उभा आहे, मॅडम. त्याला आत बोलावू का?"

"आधी त्यांना आत घ्या," मॅडम म्हणाल्या. एगेसा आत आला, हातातली टोपी चुरगाळत बायकोच्या खुर्चीमागे उभा राहिला. मग मॅडमनी चष्मा काढला. "नेकेसा, मी रागावले आहे, हे तुम्हाला कळू दे. तुम्ही तिथे बसून काम करता म्हणजे तुम्हाला तिथला परवाना लागतो, आणि कंपनीलाही तिथे काही नोंदी कराव्या लागतात का, काही भरावं लागतं का, हे बघायला हवं. उद्या तुम्हाला तिथे काही झालं असतं, तर विमावाल्यांनी सरळ हात वर केले असते. आम्ही तुम्हाला भावाच्या घरी शोधत बसलो असतो."

"माझी नोकरी जाईल का?"

"वरिष्ठांशी बोलल्याशिवाय सांगता येणार नाही. गटप्रमुखपद मात्र या खेपेला तुम्हाला मिळणार नाही." "ज्याचं मला ठाऊक असतं त्याच्यासाठी मी भांडू शकते. आता ठाऊक झालंय. कागद होईपर्यंत रोज भावाकडे येऊन काम कराल? खरोखर येऊन?"

नेकेसा रोज सकाळी फाटक ओलांडून जाऊ लागली. गटप्रमुख दुसरीच कुणी झाली, आणि त्या दिवशी ती बोडावाल्याच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसून रडत घरी आली. खोटं कशाला सांगू, खरं बोलल्याचं बक्षीस लगेच मिळत नाही. "माझ्या घराचं ऑफिस केलंस," असं मकोखा रोज कुरकुरायचा आणि रोज तिच्यासाठी चहा टाकायचा. कंपनीने करातल्या जाणकाराला विचारलं. इकडच्या करकचेरीत नेकेसा स्वतः जाऊन आली. मागची वर्षं कशी निस्तरायची, पुढे कुठे काय भरायचं, सगळं हळूहळू उलगडलं. ती घाबरली होती तितकं ते अवघड नव्हतं, आणि गल्लीत समजत होते तितकं सोपंही नव्हतं. अखेर कंपनीने होकार दिला. युगांडातूनच काम करा, परवाना घ्या, कागदोपत्री नीट करू.

परवान्याच्या खिडकीशी बसलेल्या बाईने मान वर न करता विचारलं, "येण्याचं कारण? भेट?"

"नाही," नेकेसा म्हणाली. "मी इथे राहते. मी इथेच काम करते."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं. त्या बाईला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या एगेसाने मात्र बायकोचा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

बंधुभगिनींनो, आज घरोघरी लोक मांडीवर संगणक घेऊन दूरदेशीचं काम करतात. करोत बापडे, चांगलंच आहे! पण संगणक मांडीवर असला तरी मांडी कुठल्या तरी मातीवर टेकलेली असते. त्या मातीवर आपलं लेकरू शाळेत जातं, आपल्या दुखण्याला तिथलाच दवाखाना उघडतो. तेव्हा मालकाला आधी सांगा, परवाना मागा, कर कुठे भरायचा ते जाणकाराला विचारा. वेळ जाईल, कधी बढतीही जाईल. तरीही सांगा. लपून राहणाऱ्याला दोन देश असले, तरी त्याला घर एकही नसतं.