शुक्रवारी सोबत हवी

देशभर लोकांना सायबर सुरक्षेचे धडे द्यायचे, असं सरकारने ठरवलं आणि त्या राष्ट्रीय कार्यक्रमातून या कचेरीच्या वाट्याला जे आले ते गळवाले. त्यांचं खरं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. काम मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. इमारतीतल्या सगळ्या खात्यांना खोटे मेल पाठवायचे, अगदी भामटे पाठवतात तसे, आणि कोण गळाला लागतो ते बघायचं. जो लागेल त्याचं नाव दारातल्या फलकावर. वर पुन्हा गळवाल्यांच्या व्याख्यानाला बसायची शिक्षा. ज्याला आधीच संशय येई तो मेलखालचं लाल बटण दाबे, की त्याला ताबडतोब उत्तर जाई: ‘शाब्बास, तुम्ही फसला नाहीत.’ हे वाक्यही गळवाल्यांचंच.

माणूस आपल्या कामात पोहोचलेला होता, हे त्यांच्या वैऱ्यांनाही कबूल करावं लागे. आणि वैरी काय, अख्खी इमारत! बढतीच्या यादीचं आमिष तर कोणीही दाखवेल. गळवाले माणूस बघून आमिष लावत. ज्याची गाडी रोज उन्हात उभी असे त्याला सावलीतल्या जागेचा मेल. जन्म-मृत्यू नोंदणीच्या ताईंना, लेकीच्या निकालाकडे डोळे लागलेले असताना, निकालाचा मेल. ताईंनी घाईघाईने लिंक उघडली आणि त्यांचं नाव फलकावर लागलं. त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत, असं गळवाल्यांच्या कानावर आलं होतं. वाईट वाटलं त्यांना. पण भामट्याला काही दयामाया असते का, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

लोकांत मिसळायचं नाही, असा कार्यक्रमाचा नियमच होता. मिसळलं की पुढचा गळ कोणता ते तोंडातून निसटायचं. म्हणून त्यांची खोली जिन्याखाली, डबाही तिथेच, टेबलावर एकट्याने. सुरुवातीला हा नियम त्यांना जाचला. पुढेपुढे नियम नसता तरी कोणी शेजारी बसलं असतं असं नाही. ते लिफ्टमध्ये शिरले की गप्पा टपकन थांबत. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि इथे तर अख्ख्या इमारतीचं तोंड पोळलेलं होतं. घरी बायको होती तोवर बोलायला कोणीतरी होतं. ती गेली, मूलबाळ नव्हतं, बहीण दूरगावी गुडघे धरून बसलेली. संध्याकाळी ते टीव्ही लावत आणि बातम्या सांगणाऱ्या मुलीला मधूनमधून उत्तरं देत.

अशात डोळ्यात मोतीबिंदू झाला. उजव्या डोळ्याने पडद्यावरची अक्षरं धुकट दिसू लागली. डॉक्टरांनी शुक्रवारची तारीख दिली, आणि वर सांगितलं की सोबत कोणीतरी हवं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला एकट्याने घरी सोडायची त्या दवाखान्याची पद्धत नाही. सोबत नसेल तर शस्त्रक्रिया नाही. गळवाल्यांनी मान हलवली, बाहेर आले आणि बाकावर बराच वेळ बसून राहिले. एवढ्या मोठ्या शहरात आपल्याला हात धरून घरी नेईल असा माणूस कोण, हे त्यांना आठवेना.

तोंडाने कोणाला विचारायचं तर सवयच मोडलेली. लिहिणं मात्र हातचा मळ. बुधवारी सकाळी त्यांनी मेल लिहायला घेतला, आणि इतक्या वर्षांत जे कधी झालं नाही ते झालं, शब्द सुचेनात. लिहायचे, खोडायचे. शेवटी उरलं ते एवढंच: ‘शुक्रवारी माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. सोबत कोणी असल्याशिवाय करत नाहीत. मला इथे कोणी नाही. दुपारी दोन तास कोणाला येता आलं तर उपकार होतील.’ कोणाला पाठवावा? एकच नाव निवडावं इतकी जवळीक कोणाशीच नव्हती. म्हणून त्यांनी तो स्वतःच्या नावाने सगळ्या इमारतीला पाठवला आणि दाराकडे बघत बसले.

दार वाजलं नाही. संगणक वाजला. लाल बटण दाबल्याची पहिली खबर आली, पाठोपाठ दुसरी, मग रांगच लागली. पाणीपुरवठा, रस्ते, लेखा विभाग. ज्यांनी आजवरचा प्रत्येक गळ गिळला होता, त्यांनीसुद्धा या वेळी बटण दाबलं. चुकलं काय होतं त्यांचं? व्याख्यानात गळवाले घसा फोडून सांगत आले होते: घाई लावतो, दया मागतो आणि कोणाला सांगायची लाज वाटेल असं काहीतरी बोलतो, तो मेल खोटा. या मेलात तिन्ही गोष्टी ठासून भरलेल्या होत्या. आणि प्रत्येक बटणासरशी समोरच्याला गळवाल्यांचीच शाब्बासकी जात होती.

व्याख्यानात शेवटी ते आणखी एक गोष्ट सांगत. शंका आली तर ज्याच्या नावाने मेल आला त्याला प्रत्यक्ष जाऊन विचारा. ही गोष्ट सांगायची वेळ येईपर्यंत लोकांची उठायची गडबड सुरू झालेली असे. तरी त्यांनी आशा सोडली नाही. कोणीतरी येईल, विचारेल. जेवायच्या सुट्टीतही ते खोली सोडून गेले नाहीत.

आले ते कचेरीचे साहेब. हसतमुखाने, हात पुढे करून. अख्ख्या इमारतीत एकही माणूस फसला नाही, असं देशात कुठेच झालं नव्हतं. साहेबांनी वर कळवूनही टाकलं होतं. हा मेल नमुना म्हणून सगळीकडे शिकवायचा, असं वरून उत्तर आलं होतं. ‘काय डोकं आहे हो तुमचं,’ साहेब म्हणाले, ‘वाचताना मलाच भरून आलं.’ गळवाल्यांनी तोंड उघडलं, पण साहेब पुढे बोलतच होते.

तेवढ्यात दारात नोंदणीच्या ताई दिसल्या. साहेबांना बघून बिचकल्या, पण परत फिरल्या नाहीत. ‘बटण मीही दाबलं,’ त्या म्हणाल्या. ‘पण मनाला चैन पडेना. तुम्हीच सांगता ना, जाऊन विचारा म्हणून. खरं आहे का ते?’

गळवाल्यांनी ताईंकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेबांचा चेहरा असा झाला होता, जणू वाढलेलं ताट कोणीतरी ओढून घेतंय. साहेबांसमोर, आणि त्यातही जिला आपण फसवलं तिच्यासमोर, मला कोणी नाही हे तोंडाने म्हणायचं? तेवढी छाती त्यांना झाली नाही.

‘शाब्बास,’ ते म्हणाले. ‘खोटंच होतं ते.’

ताईंचा जीव भांड्यात पडला. ‘बरं झालं बाई. खरं असतं तर मी येणार होते, रजासुद्धा बोलून ठेवली होती.’ एवढं म्हणून त्या हसत निघून गेल्या. साहेबही पाठ थोपटून गेले.

गळवाले एकाएकी उठले आणि जिना चढू लागले. एक डोळा धुकट असल्यामुळे दोनदा पाय चुकला. वर नोंदणीच्या खोलीत ताई सगळ्यांना हकिगत सांगत होत्या. गळवाल्यांना दारात बघून सगळे गप्प झाले.

‘ताई,’ गळवाले धापा टाकत म्हणाले, ‘मघाशी मी खोटं बोललो. ते खरं आहे. शुक्रवारी मला खरंच कोणीतरी हवंय.’

मागच्या टेबलावरून कोणीतरी फस्सकन हसलं, आणि सगळी खोली हसायला लागली. ताईंनी डोळे पुसत त्यांच्याकडे बोट रोखलं.

‘नाही हं काका,’ त्या म्हणाल्या, ‘आता नाही फसायची मी.’

बोलताना त्यांचा आवाज मायेचा होता; जिन्याखालच्या माणसाशी इतक्या मायेने खोलीतलं कोणीही आजवर बोललं नव्हतं. कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. गळवाले बसले, आणि सगळे हसत होते म्हणून तेही हसले.