खिडकीतला जळता हार्लन

जुन्या चॅपलसमोर निम्मं गाव जमलं होतं. एकेक जण पुढे होई, चुन्याच्या रेघेवर उभा राही, थर्मल दुर्बीण डोळ्याला लावी आणि पांढराफटक पडून मागे येई.

"हार्लनच आहे! हॅट तीच! आणि बंदूक... बंदूक माझ्यावर रोखलीय!" डूली ओरडला. ज्वारीत घुसलेल्या रानडुकरांपुढे कधी न डगमगणारा गडी, पण आज उलट्या पावली मागे सरला.

हार्लन गेल्या हिवाळ्यात गेला. डुकरांची वाट बघत मचाणावर बसला होता, तिथंच छातीत कळ आली. सापडला तेव्हा बंदूक खांद्यालाच होती. हे चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, त्याच्याच रानातलं. आता दिवस मावळला की तो चॅपलच्या खिडकीत दिसायचा. नुसत्या डोळ्यांना नाही हं, दुर्बिणीतून!

आमच्या टेक्ससमध्ये माणूस सख्ख्या भावावर संशय घेईल, पण थर्मल दुर्बिणीवर नाही. अंधारात ती अंगाची उष्णता हेरते. डुक्कर की वासरू, ती सांगेल ते खरं. माझ्या पशुखाद्याच्या दुकानात दर शुक्रवारी सगळे डोक्याला एकसारख्या हॅट घालून, आपापल्या दुर्बिणी घेऊन जमतात आणि कुणाची दुर्बीण सरस यावर भांडत बसतात.

तिथंच त्या फिरत्या प्रवचनकाराचं, ब्रदर वर्डेलचं फावलं. तुलना तोही करायचा.

"तुझ्या दुर्बिणीत कसा दिसला?"

"पांढरा, ब्रदर."

"नरकाची आग! आणि तुझ्या?"

"लाल."

"निखारे झाले बिचाऱ्याचे! तुझ्या?"

"काळा."

"कोळसा! आत्म्याचा कोळसा, बंधूंनो!"

स्वस्तातली दुर्बीण आणणाऱ्या एकाला काहीच दिसलं नाही. "श्रद्धा कमी पडते, बाळा," ब्रदर म्हणाला. वा रे पठ्ठ्या! छापा याचा, काटाही याचाच.

आता बोलते हो मी, पण तेव्हा माझीही पाचावर धारण बसली होती. ब्रदरनं आखलेल्या त्या रेघेवर उभी राहिले तर समोर तो, रोखून बघणारा. "हलू नका, आत्मा बिथरेल," ब्रदर कानाशी कुजबुजत होता. हलतंय कोण!

आणि ओलीटाबाई, हार्लनची बायको. ती त्याचीच हॅट घालून वावरायची, अन्नाला शिवत नव्हती. ब्रदरनं तिला सांगितलं होतं, घर आणि पेकन-अक्रोडांची बाग माझ्या मिशनच्या नावावर कर, मी त्याला आगीतून ओढून काढतो. सकाळी ती सही करणार होती.

"अगं, मग तू राहशील कुठं?" मी विचारलं.

"तो जळतोय गं. मी गारव्याला बसून काय करू?"

तेवढ्यात डॉक्टर ट्रेव्हिन्यो पुढे आल्या. आमच्या जनावरांच्या डॉक्टर त्या. घोड्याचा पाय कुठं सुजलाय ते असल्याच कॅमेऱ्यानं बघतात.

"मी आत जाते."

"आग तुम्हालाही धरेल!" ब्रदर किंचाळला.

"धरू दे. मलम आहे माझ्याकडे."

त्या आत गेल्या. डूलीनं दुर्बीण लावली आणि बोंबच ठोकली. "हार्लन एकटाच आहे! डॉक्टरांना गिळलं त्यानं!" बायका पोरांना पोटाशी धरून मागे पळाल्या. मी ओलीटाचा हात घट्ट धरला; तो बर्फासारखा होता.

"दुर्बीण खाली घे, गाढवा!" आतून आवाज आला.

डूलीनं खाली घेतली. डॉक्टर काचेला नाक लावून हात हलवत होत्या.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "मी काचेमागे होते, तरी दुर्बिणीला दिसले नाही. या दुर्बिणीला काचेपलीकडचं दिसतच नाही. मग तुमचा हार्लन आत कसा असेल? अंगाची उष्णता काचेवरून थोडी परत फिरते, आरशासारखी. स्वस्त दुर्बिणीला तेवढीही पकडता येत नाही. आणि रंग?" त्यांनी डूलीच्या दुर्बिणीचं बटण दाबत दाखवलं. पांढरा, लाल, काळा. "हा तुमचा नरक. बटणावर चालतो. ओलीटाबाई, या इकडे."

"हलू नका!" ब्रदर ओरडला.

"ओलीटाबाई, हॅट काढा."

ओलीटा रेघेवर गेली. दुर्बीण डोळ्याला लावली. दुसरा हात डोक्याकडे नेला, थबकली, मग हॅट काढली.

"त्याला अंबाडा आहे," ती म्हणाली. तिनं हात हलवला, पुन्हा हलवला, आणि मटकन खाली बसून रडू लागली. "तो नाही जळत गं. ही मीच आहे! आणि बंदूक म्हणजे डोळ्याची ही दुर्बीण!"

गर्दी ब्रदरकडे वळली, तेव्हा त्याच्या गाडीची नुसती धूळ दिसत होती.

सही झाली नाही. ओलीटानं त्या रात्री माझ्याकडे पोटभर जेवून घेतलं. तुम्हालाही उद्या कुणी चमत्कार दाखवून "हलू नका" म्हणालं, तर बाबांनो, भीती वाटली तरी आधी हात हलवून बघा.