थरथर आणि मधाचं पाणी

त्या रविवारी व्हाइटफील्डमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वजन उतरवायला आलेली माणसं उपाशीपोटी सतरंजीवर बसली होती आणि स्वतःला सिद्धपुरुष म्हणवणारे ऋतुराजजी त्यांच्या पोटात सुया टोचत फिरत होते.

"औषध निमित्तमात्र. साधं पेप्टाइड आहे, त्यात माझी साधना उतरली आहे. आता थरथर सुटेल, घाम फुटेल. घाबरायचं नाही. चरबी रडत रडत बाहेर पडते."

आणि अर्ध्या-पाऊण तासानं खरंच थरथर सुटली. कुणी डोळे मिटून हात जोडले, कुणाचे दात वाजू लागले. मग ऋतुराजजींनी मंत्र पुटपुटत प्रत्येकाला मधाचं दाट पाणी पाजलं, आणि हळूहळू सगळे शांत झाले.

शेजारच्या प्रेमाअक्का कुजबुजल्या, "बघितलंस वेदिका? नुसत्या मंत्रानं थरथर उतरवली."

ती थरथर माझ्या ओळखीची होती. मला लहानपणापासून मधुमेह आहे. इन्सुलिन जास्त झालं की मी अशीच कापते, आणि साखर पोटात गेली की सावरते.

माझी सुचेतामावशी भिंतीला टेकून बसली होती. वजनापायी तिनं गोड सोडलं होतं. मधाचं पाणी तिनं नुसतं ओठांना लावलं आणि कुंडीत ओतलं. आता तिचं पोलकं घामानं भिजलं होतं.

"आई आली का गं?" तिनं मला विचारलं. तिची आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

"काका, हिची साखर उतरलीय," मी मावशीच्या यजमानांना, उल्हासकाकांना, म्हणाले.

"तिला कुठे मधुमेह आहे?" उल्हासकाका गोंधळले.

ऋतुराजजी मध्ये आले. "हात लावू नका. ही समाधी आहे. भंगली तर जिवावर बेतेल, मग मला विचारू नका."

मागून कुणीतरी माझा दंड धरला. "स्वल्प, जरा थांब, अम्मा." काका कधी ऋतुराजजींकडे, कधी मावशीकडे पाहत राहिले. मावशीची मान कलत चालली होती.

"काका, बोटाला एक टोचणी फक्त. मी चुकले तर यांची सगळ्यांसमोर माफी मागेन."

काकांनी ऋतुराजजींना बाजूला सारलं आणि मावशीचं बोट माझ्यापुढे धरलं. माझ्या पर्समधल्या साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला, अडतीस. काकांनी तो मोठ्यानं वाचला. सत्तरच्या खाली गेली तरी धोका, मी सांगितलं. तिला अजून गिळता येत होतं, म्हणून ग्लुकोजचं पाणी घोट घोट पाजलं. प्रेमाअक्कांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. ऋतुराजजी बाटल्या पिशवीत भरू लागले, तेव्हा काका दारात उभे राहिले.

"बाटल्या इथेच राहतील."

मावशी वाचली. तपासणीत कळलं, लेबलं खरवडलेल्या त्या बाटल्यांत इन्सुलिन होतं. पेप्टाइड म्हणाला ते खोटं नव्हतं, इन्सुलिनही पेप्टाइडच, म्हणजे प्रथिनाचाच एक छोटा प्रकार. उपाशी माणसाला ते टोचायचं, साखर पाडायची, थरथरीला चरबीचं रडणं म्हणायचं आणि मध पाजून स्वतःच आणलेलं संकट स्वतःच दूर करायचं. एवढीच त्याची सिद्धी.

वजन उतरवणारी खरी इंजेक्शनं आहेत. पण डॉक्टर ती तुमचे आजार आणि चालू गोळ्या विचारून, तपासण्या करून लिहून देतात. त्यांचेही त्रास असतात, म्हणून पुढेही लक्ष ठेवावं लागतं. ती क्लबहाउसात सतरंजीवर बसवून देत नाहीत. बाटलीत काय आहे हे जो सांगत नाही, त्याला पोट पुढे करू नका. प्रश्न विचारल्यानं कुठलंही खरं औषध बिघडत नाही.