एरंडेल प्यालेली चेन

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. खंडेनवमीचा दिवस. उत्तमरावांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि वाटीभर जवसाचं तेल माझ्या अंगावर ओतलं. माझं दुखणं सुरू झालं ते तिथून.

मी सायकलची चेन बोलतेय. किन्हीराजा गावचे उत्तमराव माळी भाजीच्या पाट्या बाजारात नेतात, त्या सायकलची. सायकल आणि घड्याळ, दोन्ही लग्नात सासऱ्यानं दिलेली, म्हणून उत्तमरावांची दोघांवर फार भक्ती. भक्ती म्हणजे काय, तर घंटी रोज पुसायची आणि मडगार्डात पाहून भांग पाडायचा. माझ्या सांध्यांत वर्षभर काळी माती बसायची, ती कोणी काढायचं नाही. खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत तेवढं हळद-कुंकू आणि तेल. आंघोळ न करता नवा सदरा चढवलेल्या नवरदेवासारखी माझी गत.

त्या दिवशी त्यांची बायको अंजनाबाई पाच महिन्यांच्या कस्तुराला खांद्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, "अवो, जवसाचं नका टाकू. आमच्या बाबानं बैलगाडीच्या लाकडाले लावलं होतं, तं आठ दिवसात साय धरली. वाळते ते."

"तू सातवी शिकली, तं आता सायकलचीबी मास्तरीण झाली काय?"

सासूबाई तुळसाबाई आरती ओवाळता ओवाळता बोलल्या, "पूजेत आडवं बोलू नये, सुनबाई. देवाले चालते ते सायकलले चालते."

देवाचं काय, तो जागचा हलत नाही. मला फिरायचं असतं.

दोन दिवस मी अशी चमकले की उत्तमराव पारापाशी थांबून लोकांना दाखवायचे. मग तेल घट्ट होऊ लागलं, त्यावर धूळ बसली. मी कुरकुरले की ते आणखी जवस ओतायचे. दिवाळीपर्यंत माझ्यावर चिक्कीसारखं पुट चढलं.

दिवाळी उलटली आणि शेजारच्या गावात देवीची साथ आली. दोन लेकरं गेली. अंजनाबाई दिवसातून दहा वेळा कस्तुराचं झबलं वर करून अंग पाहायची. एक घामोळं दिसलं तरी लेकराला उजेडात नेऊन निरखायची. तेवढ्यात कळलं, मालेगावला बाजाराच्या दिवशी देवी टोचणारे डॉक्टर येणार आहेत. बाराला पेटी बंद करून पुढच्या गावाला जाणार, ते पुन्हा महिन्यानं.

निघालो. उत्तमराव पुढे, अंजनाबाई कॅरिअरवर, मांडीवर कस्तुरा, आणि पिशवीत लेकराचा अख्खा संसार. लंगोट, वेखंड, बाळघुटी, एरंडेलाची बाटली.

"एवढं कायले घेतलं? मालेगावले राहाले चाललो काय आपण?"

"लेकरू संगं हाय. पोट दुखलं तं?"

अर्ध्या वाटेत चढ लागला आणि माझे सांधे पार धरले. वळताच येईना. मी कटकन दात्यांवरून उतरले आणि चाकात अडकून बसले. उत्तमरावांनी सायकलला एक लाथ घातली, मग तिला नजर लागली असं ठरवलं. म्हणाले, "हँडलले लिंबू बांधाले पायजे होतं."

घड्याळात सव्वादहा झाले होते. पायी गेलं तर दोन वाजणार.

अंजनाबाईनं लेकरू त्यांच्या हातात दिलं. "धरा इले. मान सांभाळा." पदर खोचला आणि रस्त्यात मांडी घालून बसली.

समोरून तांड्यावरच्या मोहनसिंगाची बैलगाडी आली. गाडीखाली कंदील लटकत होता.

"मोहनसिंगभाऊ, कंदिलातलं घासलेट द्या थोडं."

"कायले बाई? भर दिवसा उजेड पायजे काय?"

"चेनले न्हाऊ घालाचं हाय."

मग माझं न्हाण झालं. बाभळीचा काटा घेऊन तिनं एकेका सांध्यातली चिक्की उकरली. घासलेटात लंगोट भिजवून मला रगडून पुसलं. लंगोट धुतलेला होता, एवढीच माझी इज्जत राहिली. शेवटी लेकराचं एरंडेल काढलं आणि प्रत्येक सांध्यावर एकच थेंब सोडला. मला पुन्हा दात्यांवर चढवून पायडल हातानं फिरवलं, आणि वरवरचं तेल पुन्हा पुसून टाकलं. "तेल आत पायजे," ती म्हणाली. "वर राह्यलं तं माती खाते."

तोवर कस्तुरानं बापाचं धोतर ओलं केलं होतं. मोहनसिंग म्हणाला, "उत्तमभाऊ, पोरगी चांगली सांभाळता तुमी. रोज करत जा."

त्यानंतर मी अशी पळाले, की कस्तुराला झोपच लागली. मालेगावात पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. डॉक्टर पेटीचं झाकण लावत होते.

"एवढा उशीर?"

"चेन बिघडली होती, साहेब," उत्तमराव म्हणाले. "केली दुरुस्त रस्त्यात."

डॉक्टरांनी त्यांचे स्वच्छ हात पाहिले. मग अंजनाबाईचे कोपरापर्यंत काळे झालेले हात पाहिले. "बाई, आधी हात धुऊन या. मग लेकराचा दंड धरा."

आजूबाजूच्या बाया पदरात हसल्या. कस्तुरानं सारा बाजार डोक्यावर घेतला. पोर एवढी रडत होती आणि अंजनाबाईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. परतीच्या वाटेवर उत्तमरावांनी एकदाही घंटी वाजवली नाही.

त्याला सहा वर्षं झाली. मी झिजून सैल पडले. सायकलला नवी चेन आली आणि मी वाडीच्या फाटकाला बांधलेली आहे, शेळ्या आत येऊ नयेत म्हणून. कस्तुरा शाळेत जाताना रोज या फाटकावर झोका घेते. दंडावर दोन गोल खुणा आहेत, त्या मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात दाखवते.

उद्या खंडेनवमी. नवी चेन चमकली पाहिजे म्हणून उत्तमराव मघापासून जवसाच्या तेलाची वाटी शोधतायत. मी इथं बांधलेली, हलू शकत नाही. तुम्ही फाटकावरून जात असाल तर आत अंजनाबाईला तेवढं सांगा. वाटेत कोणी सायकलवाला भेटला तर त्यालाही सांगा, आणि त्याला पुढच्याला सांगायला लावा. आधी घासलेट, मग थेंबभर एरंडेल, मग पुसणं. हळद-कुंकू त्यानंतर कितीही लावा.