चार वाजता खाली येणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिव्याचा हात आहे, म्हणजे टेबलावर दिवा धरून वरखाली होणारी दांडी. दुकानात मिळतो तसला नव्हे. मुलुंडच्या एका जुन्या इमारतीच्या गॅरेजमध्ये शिवदास आजोबांनी मला स्वतः घडवलं. मरोळच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर ते शेजारपाजारची शिलाई मशीनं दुरुस्त करत. नजर मंदावली, छतावरचा दिवा पुरेना, तेव्हा लोखंडी पट्ट्या, दाराच्या दोन स्प्रिंगा आणि टोपाचं एक ॲल्युमिनियमचं झाकण यांतून मी उभा राहिलो. माझ्या प्रत्येक सांध्यात त्यांनी स्वतःच्या जुन्या चपलेच्या चामड्याची चकती घातली आणि वरून नट आवळला.

"इथे तेल नाही घालायचं हं," ते आपल्या लेकीला, गंधालीला, म्हणाले होते. "हा सांधा कोरडाच धरतो."

अकरा वर्षं मी त्यांच्या डोळ्यांसमोर होतो. शेजारी मला खालीवर करून बघत आणि असाच एक आपल्यालाही हवा म्हणत. मग एका हिवाळ्यात एक मशीन उघडंच राहिलं आणि आजोबा परत आले नाहीत.

त्यांच्या बायकोने, शकुआजींनी, मात्र गॅरेज सोडलं नाही. आजोबा शनिवारी यंत्रांना तेल घालत, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून त्याही घालू लागल्या. मशीनला, कुलपाला आणि मायेने मलाही.

त्यानंतर ते सुरू झालं. सकाळी टेबल पुसताना त्या मला वर ढकलत. दुपार कलली की मी आपोआप खाली येऊ लागे, इंच इंच. चारच्या सुमाराला मी एका ठरावीक उंचीवर थबकत असे. आजोबांच्या नजरेच्या उंचीवर. समोर रिकामं स्टूल. शकुआजी दोन कप चहा आणत. एक माझ्या उजेडात ठेवत.

घसरण्याचं कारण मला कळत होतं, ते तेल होतं. पण मग नेमका तिथेच का थांबत होतो? ते मलाही कळत नव्हतं, आणि मित्रांनो, त्या थांबण्याची मला भीती वाटे.

इमारत पाडायची ठरली. महिनाअखेरीस जागा रिकामी करायची होती. गंधाली आईला बोरिवलीला न्यायला आली, पण शकुआजी जागच्या हलेनात. मी खाली आलो तेव्हा त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत हळूच म्हणाल्या, "बघ, इले ते. मी कशी जाव?"

"रविवारी टेम्पो येतोय, आई. भुतासाठी थांबणार आहे का तो?"

"बापाला भूत म्हणू नको."

गंधालीने माझा सांधा चाचपला, बोटं तेलकट झाली. तिला सगळं उमगलं. आईला न दुखवता तिने समजावलं, नट सोडला, चकती काढून पुसली. शकुआजींचा चेहरा उतरला. म्हणजे चहा इतके दिवस तेलालाच पाजत होते, असं काहीसं त्या पुटपुटल्या.

मग गंधाली थांबली. चकती उजेडात धरून म्हणाली, "आई, इथे बोट लाव."

चामड्यात एक खळगा होता. अकरा वर्षं मला एकाच उंचीवर आवळल्यामुळे पट्टीचा ठसा तिथे रुतला होता. मी घसरत येई आणि त्या खळग्यात अडकत असे.

शकुआजींचं बोट बराच वेळ त्या खळग्यावरून फिरत राहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हा टेम्पोत मागे नाही जायचा. माझ्या मांडीवर राहील."

आता मी बोरिवलीत आहे. आपोआप खाली येत नाही. चार वाजता शकुआजी मला हाताने ओढतात, मी खळग्यात बसतो, आणि त्या सुईत दोरा ओवतात. चहाचा कप एकच असतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला जरूर जपा. पण तेल घालण्याआधी ती कशी चालते, ते विचारून घ्या. आणि ती उघडलीत, तर आत कोणाचा हात राहिलाय का, तेवढं बघा.