जोडवर्गाची दुभाषी

"सर, दुभाष्याला हजेरी मिळते का?"

विचारला बाई एकदाचा! भर तासात स्वतःचा प्रश्न विचारायची पैज माझ्या कॉलेजातल्या शिवांजलीनं लावली होती आणि प्रांजल साक्षीदार होती. हरले असते तर दोघींना पोटभर भडंग खाऊ घालावं लागलं असतं. पण मी भडंगासाठी विचारला असं कुणाला वाटत असेल, तर साफ चूक. शिवांजली कॉलेजच्या सायकल स्टँडवर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ब्राह्मे, रोज साऱ्या जगाचे प्रश्न विचारतीस. तुझा स्वतःचा एकतरी विचारलास का गं? लय आवाजवाली हायस म्हणं!" ते मला लागलं होतं.

जोडवर्ग म्हणजे काय ते आधी सांगते. सांगलीतल्या एका संस्थेच्या इमारतीतून रोज दुपारी अकरावीच्या फिजिक्सचा तास व्हिडिओवरून जातो. एकीकडं कुंडल, कडेगाव ते पार साताऱ्यापर्यंतची कॉलेजं आणि दुसरीकडं जत तालुक्यातली, कर्नाटकाला चिकटलेली. तिकडची मुलं दहावीपर्यंत कानडीत शिकलेली असतात. अकरावीला पुस्तक इंग्रजी, सर मराठी, आणि मुलं गप्प! म्हणून नानासो सर मराठीत शिकवतात आणि त्यांच्या मागोमाग धावत कानडीत सांगणारं, मुलांचे कानडी प्रश्न मराठीत आणणारं एक माणूस लागतं. ते काम आधी माझी आई करायची. तिचं माहेर अथणीचं, त्यामुळं कानडी तिच्या तोंडात आणि तिच्यामुळं माझ्याही. कॅमेरे, पडदे, जोडण्या हे सगळं चालवणारे माझे अप्पा. म्हणजे घरचाच कारखाना म्हणा ना.

गणपतीच्या सुमारास आईच्या घशात गाठी निघाल्या. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. अप्पा मला म्हणाले, "आठवडाभर बस गं तू. तवर माणूस बघतो की मी." मी तर उडी मारूनच बसले. आता संक्रांत होऊन गेली. अप्पा अजून माणूस बघतच आहेत.

सुरुवातीला काय मजा होती! वर्गात बाकाखाली तोंड लपवणारी मी, आणि माझा आवाज एकदम इतक्या गावांत. अथणीला मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत मी कुणाला तरी कानडीत "अजून भात वाढा" म्हणाले, तर पलीकडची एक मुलगी घास सोडून ओरडली, "वेगोत्कर्ष मॅडम!" वेगोत्कर्ष म्हणजे कानडीत प्रवेग. त्या दिवसापासून मी कुणाला घाबरत नाही.

पण ती खोली. जिन्याखालची आहे, पूर्वी तिथं खेळाचं सामान असायचं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. पंखा लावायचा नाही, कारण माइक त्याची घरघर पकडतो. दाराची आतली कडी वाजायची म्हणून अप्पांनी ती काढूनच टाकली. आता दाराला बाहेरून कुलूप, ते उघडतं तास संपल्यावर. समोर हातभर काच, पलीकडं सर आणि बाजूला पडद्यावर चौकोनांतली मुलं. मी त्यांना बघते, ती मला बघत नाहीत. घामानं कुर्ता पाठीला चिकटलेला असतो आणि तोंडानं मी हिमालयातल्या बर्फाचं घर्षण शिकवत असते.

आणि माझं स्वतःचं फिजिक्स? आमच्या कॉलेजची प्रॅक्टिकलं नेमकी दुपारीच असतात. मागच्या आठवड्यात तिथल्या मॅडमनी मला थांबवलं. "तू कोण? ब्राह्मी? नाव ऐकलंय, चेहरा नाही पाहिला. अशीच हजेरी राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही हं." मी घरी सांगितलं. अप्पा म्हणाले, "मी भेटतो त्यास्नी, हुतंय सगळं." आईला तर बोलायला बंदीच. तिनं फक्त गळ्याला मफलर गुंडाळला आणि खोलीच्या किल्लीसाठी अप्पांपुढं हात केला. मी तो हात खाली केला. मी उठले की आई बसणार आणि आई बसली की तिचा आवाज जाणार. आता सांगा, यातून कुठून बाहेर पडायचं?

तर, मी प्रश्न विचारला.

काचेपलीकडं सर खडू धरून थांबले. जोडवर्गाचा नियमच आहे, प्रश्नाआधी गावाचं नाव सांगायचं. सर सवयीनं म्हणाले, "गाव सांगितलं नाही. कुठून विचारलं?"

"इथूनच, सर. खोलीतून."

आणि दुसरा नियम असा की जे मराठीत बोललं जाईल ते कानडीत गेलंच पाहिजे. मग मी माझाच प्रश्न, जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा, कानडीत सांगितला. सर हसले. "अरे, दुभाषीबाई होय! अहो, तुम्ही हजर असता म्हणून तर वर्ग भरतो. तुमची हजेरी सगळ्यांच्या आधी!" कडेगावच्या चौकोनात टाळ्या वाजल्या. मला माझं कौतुक कानडीत करावं लागलं. सरांनी कौतुक करून दाराला आणखी एक कुलूप घातलं होतं, आणि ते मीच भाषांतर करून लावत होते.

तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातला, जतकडच्या उमदीचा चौकोन पिवळा झाला, म्हणजे तिथून कुणीतरी बोलतंय. दोन वेण्यांची एक मुलगी माइकशी वाकली. "अक्का, नीव यार्री?"

तुम्ही कोण? मी कानडीतच म्हणाले, "मी ब्राह्मी. अकरावी सायन्स."

"आमच्याच वर्गात? आम्हाला वाटलं मोठ्या मॅडम आहात!" तिच्यामागं खसखस पिकली. मग ती थांबून म्हणाली, "आम्हाला तुम्ही सांगता. मग तुम्हाला कोण सांगतं?"

सर विचारत होते, "काय म्हणाली ती?" मला सांगता येईना. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच गप्प बसले. शेवटी कसंबसं मराठीत आणलं. सरांनी फळ्याकडं वळून उगाचच एक रेघ पुसली.

मुलगी मात्र सुटली होती. तिचं नाव सुंदरी. म्हणाली, रेंज गेली की तुमचा आवाज तुटतो आणि नुसती सरांची मराठी येते, तेव्हा मागच्या बाकांना मीच कानडीत सांगते. माझी आजी जतच्या बाजारात बसते, मराठी तिथंच शिकले. चुकतं थोडं, पण पोरी समजून घेतात. तिच्या मागून एक मुलगा ओरडला, "थोडं न्हवं, लय चुकतं!" आणि तिनं त्याला वही फेकून मारली.

तास संपला. अप्पांनी दार उघडलं. "लाईव्हमधी असलं बोलतंय व्हय कोण? पण जाऊ दे, सर लय खूश झाले. संस्थेचा फोन बी आला. पुढच्या वर्षी बारावी, आन् कॉलेजांची पयली दोन वर्षं बी जोडायची. मी सांगून टाकलं, आवाज घरचाच हाय!"

"अप्पा, ती उमदीची मुलगी काय म्हणाली ऐकलंत का?"

"पोरं काय, बोलत्यात."

मी घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. अप्पांना वाटलं घसा दुखतोय; त्यांनी वाटेत गाडी थांबवून मला खडीसाखर घेऊन दिली. तोच प्रकार मला सगळ्यात जास्त घाबरवून गेला. आईलाही ते अशीच खडीसाखर आणायचे.

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. आईनं भाकरी वाढली आणि भुवईनंच विचारलं, काय झालं? मी ताट पुढं सारलं. आवाज खणखणीत निघाला.

"अप्पा, आई, मला एक सांगायचंय. सोमवारपासून मी दुपारी माझ्या कॉलेजला जाणार, प्रॅक्टिकलला. आणि माझ्या जागी आईनं बसायचं नाही, मी बसू देणार नाही. कानडीचं काम उमदीची ती मुलगी, सुंदरी करंल, मागच्या बाकांना ती आत्ताही सांगतेच; तिच्याबरोबर आणखी दोघं पाळीनं. आठवडाभर संध्याकाळी फोनवर मी त्यांना शिकवीन. चुकतील. चुकू देत. मी पण चुकत होते, फक्त ते तुम्हाला कळत नव्हतं, कारण तुम्हाला कानडी येत नाही अप्पा. सरांना मी उद्या स्वतः जाऊन सांगणार आहे. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय."